कॅसेटवाल्या अनोळखी मंडळींचे आभार

आजीचा आवाज, भावंडांची भांडणं, रेडिओवरून टेप केलेली अर्धवट गाणी... जुन्या कॅसेटमधलं लोकांचं हे बालपण ज्यांनी विनामोबदला वाचवलं, त्या निनावी जाणकारांचे मनापासून आभार.

जुनी कॅसेट थेट वाजवू नका, आधी मागच्या कडेची प्लास्टिकची छोटी खिट्टी मोडा, म्हणजे चुकून वर रेकॉर्ड होणार नाही, हे तुम्हीच बजावलंत. तुटलेल्या फितीला साधा सेलोटेप लावला की डिंक पाझरतो आणि पुढचे वेढे चिकटतात. म्हणून टोकं ४५ अंशांत कापायची, एकमेकांवर न चढवता भिडवायची आणि स्प्लाइसिंग टेप (फीत जोडायची खास चिकटपट्टी) हेडला, म्हणजे फितीवरचा आवाज वाचणाऱ्या भागाला, न लागणाऱ्या बाजूनेच लावायची. फीत जेमतेम ३.८१ मिमी रुंद. बोटांचं तेलही तिला नको! कवच बिनस्क्रूचं असेल तर ते जपून फोडून रिळं पाच स्क्रूंच्या कवचात हलवायची.

आवाज दबका येतो तेव्हा बहुतेक जण फितीला दोष देतात. तुम्ही आधी फितीला हेडवर दाबून धरणारा, फितीमागचा फेल्टचा इवलासा तुकडा पाहायला लावलात, मग हेडचा कल बदलणारा त्याच्या शेजारचा स्क्रू: ‘स’, ‘श’ स्वच्छ ऐकू येईपर्यंत किंचित फिरवायचा.

संगणकावर घेतलेल्या आवाजातली खरखर काढण्याआधी मूळ प्रत वेव्ह (WAV) फाइलमध्ये ठेवा, हा तुमचा हट्ट तर फारच मोलाचा. फिल्टर जास्त झाला की खरखरीबरोबर आजीचा श्वासही जातो.