पेटीत आंबे नाहीत

वेंगुर्ले

चि. बाय हिस,
अनेक आशीर्वाद.

शेजारचे काका उद्या पुण्याला निघतायत, त्यांच्याकडे पेटी देतोय. पेटी आंब्याची असली तरी आत आंबे नाहीत, तुझा लॅपटॉप आहे. आईने जुन्या गोधडीत गुंडाळलाय, सावकाश काढ.

वर्षभर तू कॉलेजचे रिपोर्ट मोबाइलवर अंगठ्याने टाइप केलेस आणि एकदाही कुरकूर केली नाहीस. ते मला फार लागत होतं. 1 जूनला मासेमारी बंद झाली की बोटी वर ओढतील, मग माझं इंजिनांचं काम सुरू होईल. पैसे हातात यायला श्रावण उजाडेल. तोवर तुला थांबवायचं नव्हतं, म्हणून हा जुळवला. सगळं धरून आठ हजारांच्या आत बसला.

दोन मशिनी घेतल्या, दोन्ही थिंकपॅड एक्स230, 2012 सालचं मॉडेल. मुद्दाम तेच शोधलं. बॅटरी सरकवून बाहेर येते, हार्डडिस्कच्या झाकणाला एकच स्क्रू, आणि रॅमच्या, म्हणजे मेमरीच्या पट्ट्यांच्या, दोन्ही खाचा पाठीमागच्या एकाच झाकणाखाली. फुटलेल्या स्क्रीनची मशीन मामाने मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणली. दुकानातच बाहेरचा मॉनिटर लावून, एफ1 दाबून सेटिंग उघडून बघायला मी सांगितलं होतं. ऑफिसांतून निघालेल्या मशिनींत कधी कधी सुपरवायझर पासवर्ड राहिलेला असतो, आणि तो माहीत नसेल तर सेटिंगला हात लावता येत नाही.

दुसरी इथलीच, बंदराजवळच्या एका कचेरीतली. स्क्रीन चांगला, आतला मुख्य बोर्ड मेलेला, म्हणून हिचा स्क्रीन पहिलीला लावायचा ठरवलं. उघडली तर खाऱ्या वाऱ्याने जोडण्यांवर हिरवी पूड धरलेली, तांब्याच्या हंड्याला आतून धरते तशीच. स्क्रीनच्या जोडणीवरही थोडी होती. मऊ ब्रश आयसोप्रोपिल अल्कोहोलात बुडवून ती पिन पिन साफ केली. एक अख्खी संध्याकाळ त्यातच गेली. माझ्या हाताला एकोणीसचा पाना सवयीचा, आणि इथे नखाएवढी जोडणी! आई टॉर्च धरून बसली होती. स्क्रू आमसुलांच्या बरणीच्या झाकणात ठेवले, कुठला कुठे बसतो ते कागदावर काढून. तो कागद पेटीत आहे, जपून ठेव.

प्रोसेसरवरची पेस्ट वाळून चुन्यासारखी झाली होती. तशी पेस्ट असली की उष्णता पंख्याकडे नीट जात नाही, मशीन तापते आणि मंदावते. खरवडून तांदळाच्या दाण्याएवढी नवी लावली. जुनी बॅटरी फुगलेली होती, तिला चार्जर लावलाच नाही, नवी घेतली. फुगलेली बॅटरी कुणी फुकट दिली तरी घेऊ नकोस. हार्डडिस्क काढून 240 जीबीची एसएसडी, म्हणजे न फिरणारी, जास्त वेगवान डिस्क, बसवली, आणि 4-4 जीबीच्या दोन रॅम. पुढे वाढवायची झाली तर डीडीआर3 जातीचीच रॅम माग, डीडीआर4 या खाचेत बसत नाही.

एक चूक माझी झाली. वायफायचं दुसरंच कार्ड घालून बघितलं, तर स्क्रीनवर 1802 हा चुकीचा आकडा (एरर) येऊन गाडी अडली. या मॉडेलला ठरावीकच कार्डं चालतात. मूळचं परत लावलं आणि चालू झाली.

विंडोज 11 या प्रोसेसरला अधिकृतपणे घेत नाही, आणि विंडोज 10 चे नेहमीचे मोफत अपडेट 14 ऑक्टोबर 2025 ला थांबले. म्हणून विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही फुकट प्रणाली घातलीय. रिपोर्ट लिहायला लिब्रेऑफिस त्यातच आहे, मराठी कीबोर्डही लावून ठेवलाय.

गणपतीत घरी येशील तेव्हा लॅपटॉप पडवीत उघडा ठेवायचा नाही. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवू. आभाळ गडगडायला लागलं की चार्जर भिंतीतून काढायचा.

छोटा स्क्रूड्रायव्हर पण दिलाय. पहिल्या रविवारी बॅटरी काढून पाठीमागचं झाकण तू स्वतः उघड, रॅमच्या पट्ट्या काढून परत बसव. टक् असा आवाज आला की बसली. आधी फोन कर, मी घरीच असेन. हा तुझा आहे, तो आतून कसा आहे ते तुला माहीत असायला हवं.

गोधडीच्या घडीत आईने कुळथाची पिठी ठेवलीय, ती आधी काढून घे.

तुझे,
बाबा