माळावर खड्डे खणू नका

महोदय,

पावसाळा आला की पुणे-सोलापूरकडच्या माळांवर वृक्षारोपणाचे खड्डे पडू लागतात. दप्तरी ‘पडीक’ म्हणून नोंदलेली ही जमीन मुळात गवताळ सवाना, म्हणजे विरळ झाडांचं गवताळ रान आहे. मुरमावर जेमतेम वीतभर माती, तिच्यात पवन्या, मारवेल, कुसळी या गवतांच्या मुळांचं जाळं. खड्ड्यातला मुरूम वर येऊन पसरला की तिथे गवताआधी तण शिरतं. ही गवतं उन्हाची. वृक्षारोपणात लावल्या जाणाऱ्या गिरिपुष्पाच्या दाट सावलीत ती खुरटतात. धाविक, चंडोल हे पक्षी उघड्या जमिनीवर अंडी घालतात, चिंकारा धोका लांबून हेरतो. झाडी दाटली की हे सगळे हटतात. सोलापूरजवळच्या नान्नज अभयारण्यातून जवळपास नाहीशा झालेल्या माळढोक पक्ष्याची गत आठवली तरी जीव कळवळतो.

माळावरची जुनी बोर, हिवर राहू द्यावीत. नवे खड्डे थांबवावेत. माळाचे भाग पाडून चराई आलटूनपालटून करावी. राखलेल्या भागात बी झडेपर्यंत, साधारण दिवाळी सरेपर्यंत, विळा लावू नये. बाहेरून येऊन माळावर पसरणारी वेडी बाभूळ नुसती तोडली तर बुंध्यातून पुन्हा फुटते. पावसात जमीन मऊ असताना ती मुळासकट काढावी.

– गवताळ प्रदेशाचे अभ्यासक, पुणे