परिपाठ, हजेरी आणि कलम 28 : शालेय शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

मा. शालेय शिक्षणमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस

महोदय,

शाळेतल्या संस्कारांचा वाद निघाला की सगळे पाठ्यपुस्तक उघडतात. पण समतेचा धडा वर्षातून एकदाच होतो, परिपाठ मात्र रोज. मुलांची श्रद्धा आणि शेजारच्या बाकावरच्या मुलाकडे बघण्याची नजर त्यातूनच घडत जाते.

राज्यघटनेच्या कलम 28 प्रमाणे, मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेतल्या धार्मिक शिक्षणाला वा उपासनेला मुलाला बसवायचे तर पालकाची संमती लागते. प्रत्यक्षात ती बहुधा मागितलीच जात नाही, किंवा प्रवेश अर्जातल्या 'शाळेचे सर्व नियम मान्य आहेत' या ओळीत गृहीत धरली जाते. यासाठी अर्ध्या पानाचा वेगळा नमुना हवा. काय होते, कोणत्या वारी, किती मिनिटे हे त्यात लिहिलेले असावे. 'हो' आणि 'नाही' अशा दोन चौकटी असाव्यात. तो दरवर्षी नव्याने भरून घ्यावा आणि संमती मधेच मागे घेण्याची मुभा ठेवावी.

नुसत्या कागदाने मात्र भागत नाही. 'नाही' म्हटलेल्या मुलाला व्हरांड्यात उभे केले, तर तिथेच उशिरा आलेली मुलेही उभी असतात. शाळेला ती शिक्षाच दिसते आणि पुढच्या वर्षी पालक मुकाट्याने 'हो'वर खूण करतात. म्हणून उपासनेचा भाग परिपाठाच्या अगदी सुरुवातीला ठेवावा, राष्ट्रगीत, प्रतिज्ञा आणि उद्देशिका त्यानंतर, हजेरी सर्वांत शेवटी. ज्याला नको ते मूल तेवढा वेळ वाचनालयात बसेल आणि मग रांगेत येईल. कुणाचे नाव पुकारावे लागणार नाही, उशिराचा शेराही पडणार नाही. राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभ्या राहणाऱ्या पण न गाणाऱ्या केरळमधल्या तीन मुलांना शाळेत परत घेण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने 1986 मध्ये बिजो इमॅन्युएल खटल्यात दिला. मुख्याध्यापकांच्या प्रशिक्षणात हा निकाल शिकवायलाच हवा.

जातीचा प्रश्न आम्हाला याहून गंभीर वाटतो. शिष्यवृत्तीचे अर्ज भरताना भर वर्गात प्रवर्गानुसार मुलांना उभे केले की आपल्या शेजारी कोण बसते हे सगळ्यांना कळते, आणि पुढे ते कुणी विसरत नाही. कागदपत्रे पालकांकडून थेट कार्यालयात घ्यावीत. झाडलोटीची पाळीही हजेरी क्रमांकाने लावावी, म्हणजे झाडू मुलींच्याच हाती राहणार नाही.

धर्मांची माहिती मुलांना द्यावीच, नाहीतर ती जागा ऐकीव गोष्टी घेतात. धर्मांचा अभ्यास कलम 28 च्या आड येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या अरुणा रॉय खटल्यातल्या निकालाने 2002 मध्ये स्पष्ट झाले आहे. शिक्षकाने 'अमुक धर्माचे लोक असे मानतात' असे सांगावे. 'आपण असे मानतो' म्हटले की वर्गातली काही मुले त्या 'आपण'च्या बाहेर पडतात.

जूनमध्ये शाळा उघडण्यापूर्वी हे सारे एका परिपत्रकात यावे आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत वाचले जावे. शिक्षण हक्क कायद्यानुसार तिचे किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालकच असतात. केंद्रप्रमुखांनी तपासणीला परिपाठाच्या वेळीच पोहोचावे. दुपारी नोंदवही चाळून यातले काहीच दिसत नाही.

आपले,
शिक्षक-प्रशिक्षणाचे काम करणारे काही शिक्षक