दोन गोण्या चुना: कृषिमंत्र्यांना खुले पत्र

माननीय कृषिमंत्री महोदय,
सविनय नमस्कार.

मी जालना जिल्ह्यातला मोसंबीवाला. परवा माझ्या मातीची पत्रिका आली. सामू (pH) 8.3, म्हणजे आंबटाच्या पार उलट, मुक्त चुना 12 टक्के. आणि त्याच कागदाच्या तळाला शिफारस: जमिनीत चुना मिसळावा! नुसती शिफारस नाही, दोन गोण्या घरपोच आल्या. माझा अंगठा घेतला, गोण्यांसोबत फोटो काढला. साहेब, सरकारनं चुना लावला असं आजवर आम्ही नुसतं म्हणायचो.

चुना द्यायचा तो आंबट जमिनीला, म्हणजे कोकणाला. दगड तसा दोघांचा एकच, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा काळा पाषाण. तो झिजला की त्यातलं कॅल्शियम सुटतं. कोकणात अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस ते धुऊन नेतो, मागे जांभा उरतो. आमच्या सहा-सातशे मिलिमीटरमध्ये काय धुऊन जाणार? ते मातीतल्या कर्बवायूला धरतं आणि तिथंच गोठतं. नांगराला लागणारे पांढरे चुनखडीचे खडे ते हेच.

पत्रिका आली त्या संध्याकाळी संडास धुवायचं ॲसिड घेतलं आणि ढेकळावर चार थेंब सोडले. सोड्याची बाटली फुटावी तशी माती फसफसली. धाकटा भूगोलाचं पुस्तक घेऊन बसला होता, अग्निजन्य, गाळाचे, रूपांतरित असं घोकत. चुनखडक गाळाचा, भाजून-दाबून त्याचाच संगमरवर होतो, चंद्रपूरकडचा सिमेंटला जातो, सगळं पाठ. ढेकूळ बघून म्हणाला, "पप्पा, ह्याच्यात आधीच चुना हाय की." पोरगं सहावीत आहे, साहेब. तुमच्या खात्यात भरती कधी निघते?

माझे आजोबा हीच चुनखडी ओढ्यातून वेचून भट्टीत भाजायचे. नऊशे अंशाला कर्बवायू उडतो, कळीचा चुना राहतो. पाणी घातलं की खदखदतो, आणि भिंतीत बसला की हवेतला कर्बवायू परत पिऊन पुन्हा दगड होतो. घाण्यात मळलेल्या त्या चुन्यावर आमचा वाडा अजून उभा आहे. भिंतीला अमृत, पण मोसंबीच्या मुळाला जहर. मातीत लोह असून झाडाला मिळत नाही. पान पिवळं पडतं, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात, मग शेंडे वाळतात.

2013 च्या दुष्काळात वडिलांनी बाग तोडून सरपण केलं. ते तोडताना रडले नाहीत, नंतर आठ दिवस जेवले नाहीत. मी पुन्हा 220 झाडं लावली, टँकरनं जगवली, घरातल्या पाटल्या सावकाराकडे गेल्या. दहा टक्क्यांवर चुना असेल तर फळबाग लावू नये, हे तुमचंच खातं सांगतं. मग अनुदानाच्या फायलीत माझी जमीन 'योग्य' कोणी लिहिली? माती न उकरता? शिबिरात तुमच्या साहेबांनी माइकवर सांगितलं, महिन्यात माणूस येऊन फेरतपासणी करील. सात महिने झाले. मी नऊ-दहा अर्ज केले असतील, पोच तीन अर्जांचीच आहे.

हिशेब करा. एकरात अर्ध्या फुटाच्या मातीचं वजन साधारण नऊशे टन. बारा टक्के म्हणजे शंभर टनांच्या वर चुना आधीच माझ्या एकरात पडलाय. त्यात तुमचा शंभर किलो!

पण हे चुन्याचंच आहे का? 2023 च्या सप्टेंबरात संभाजीनगरला मंत्रिमंडळ बसलं, हजारो कोटींचे आकडे वाचले गेले. दर 17 सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचा झेंडा होतो, भाषण होतं, दुपारी गाड्या परत. आमच्या पिकाचा, पाण्याचा, विम्याचा एकच तक्ता मुंबईत बनतो आणि कोकणापासून नांदेडपर्यंत तोच लागतो. मातीच्या कागदात सामू कितीही लिहा, खालची ओळ आधीच छापलेली असते.

मागणं थोडं आहे. माणूस पाठवा, ॲसिडची बाटली मी देतो. उरलेल्या झाडांना फवारायला फेरस सल्फेट, म्हणजे लोहाचं खत, द्या. नवीन रोपं द्याल तर रंगपूर लिंबाच्या खुंटावर कलम केलेली द्या, तो चुना जरा तरी सोसतो. आणि 'योग्य' लिहिणाऱ्याची सही मला एकदा दाखवा.

आपला,
एक मोसंबीवाला

ता. क. पत्र लिहीत होतो तेवढ्यात तालुक्याहून फोन आला. दुसऱ्या हप्त्याच्या दोन गोण्या आल्यात म्हणे. आधार कार्ड घेऊन या, नाहीतर परत जातील.