जुन्या दारात पडलेली पाकिटं

प्रिय ताई,

नाव छापलेलं तुम्हाला रुचणार नाही, म्हणून नुसतं ताई. इंग्लंडमध्ये शेअरिंगचं घर सोडल्यावर कौन्सिल टॅक्सच्या, म्हणजे कौन्सिल या स्थानिक संस्थेला राहत्या घरासाठी द्यायच्या कराच्या, थकबाकीत सापडलेल्या मराठी मुलामुलींचे कागद आम्ही चार-पाच जण शनिवारी बघतो. ते कुठल्या क्रमाने बघायचे, हे तुमच्याकडून आलं. त्याचं हे आभारपत्र. उघड लिहितोय ते मुद्दाम. ज्याच्या दारात उद्या बेलीफ, म्हणजे थकबाकीसाठी सामान जप्त करणारा माणूस, येणार आहे, त्याच्याही हाती ते पडावं.

बाकीचे सगळे आकड्यापासून सुरुवात करतात, किती मागतायत म्हणून. तुम्ही तारखेपासून करता. त्या घरातली शेवटची रात्र कुठली? बिल वर्षाचं दिसत असलं तरी हा कर दिवसावर मोजला जातो. चौघांपैकी एक जण घर सोडून दुसरीकडे कायमचा राहायला गेला आणि तिघे मागे राहिले, तर त्या दिवसापासूनचा कर तिघांचा. गेलेल्याचं नाव करारावर पुढे सहा महिने असलं तरीसुद्धा. भाडं कराराला चिकटतं आणि कर राहणाऱ्याला, हा फरक तुम्ही पहिल्या पाच मिनिटांत समजावता आणि समोरच्याचे खांदे खाली येतात. मात्र घर पूर्ण रिकामं झालं आणि सहा महिने किंवा त्याहून लांब मुदतीचा करार अजून शिल्लक असेल, तर चावी दिली म्हणून सुटका होत नाही, हेही लगेच सांगता. खोटा दिलासा तुमच्याकडे मिळत नाही.

मग पेन्सिल निघते आणि हिशेब पाकिटाच्या पाठीवरच होतो. वर्षाचं बिल १,८२५ पौंड धरलं तर दिवसाला ५. शेवटची रात्र ३१ जुलै असेल तर १ एप्रिलपासून १२२ दिवस, म्हणजे ६१० पौंड. कागदावर मागणी असते १,८२५ची, कारण हप्ता चुकला, आठवणपत्रातले ७ दिवस गेले, आणखी ७ गेले की हप्त्यांची सवलत संपते आणि अख्ख्या वर्षाची रक्कम एकदम देय होते. हे ६१०ही एकट्याचे नाहीत, चौघांचे आहेत. पण कौन्सिल ते चौघांपैकी कुणाही एकाकडून पूर्ण मागू शकतं. ‘मी माझे दीडशे रूममेटला रोख दिले होते’ हे कौन्सिलपुढे चालत नाही, तो चौघांचा आपसातला व्यवहार. उलट ज्याच्या नावाने बिलच निघालेलं नव्हतं, त्याच्यामागे लागण्याआधी त्याला जॉइंट टॅक्सपेयरची, म्हणजे तोही सह-करदाता असल्याची, वेगळी नोटीस जावी लागते. ती आली होती का, हा तुमचा दुसरा प्रश्न.

आपली मुलं यात का सापडतात, याचं तुम्ही दिलेलं कारण आम्हाला पटलंय. आपल्याकडे घरपट्टी मालक भरतो. भाडेकरूला तिचं बिल कसं दिसतं हेही ठाऊक नसतं. इथे १९९२च्या कायद्यात कर कुणी भरायचा याची शिडी घरात राहणाऱ्यापासून सुरू होते. प्रत्येक खोलीचा करार मालकाशी वेगळा असेल तर कर मालकावर येतो, पण चौघांनी मिळून एकाच करारावर सह्या केल्या असतील तर चौघांवर. म्हणून तारखेनंतर करारनाम्याचं पहिलं पान. त्यावर ‘रूम नंबर ३’ लिहिलंय की अख्ख्या घराचा पत्ता, एवढ्यावर कधी कधी प्रकरण तिथेच मिटतं.

विद्यार्थ्यांचा सापळा वेगळा. घरात सगळे पूर्णवेळ विद्यार्थी असतील तर घराला करमाफी. मास्टर्सचा कोर्स संपतो त्या तारखेला एकाची माफी संपते. पदवीदान नंतर कधी आहे किंवा ग्रॅज्युएट व्हिसाचा निकाल यायचा आहे, याला अर्थ नाही. युनिव्हर्सिटीच्या पत्रावरची कोर्स संपण्याची तारीख काय ती खरी. मग पाच जणांत चार विद्यार्थी आणि एक नोकरी शोधणारा, असं घर झालं की कर त्या एकट्यावर. बाकी चौघे मोजले जात नाहीत, म्हणून २५ टक्के सूट मिळते, पण उरलेले ७५ टक्के त्याचेच. चौघांनी आपखुशीने वाटा उचलला तर उत्तम, कौन्सिल त्यांना विचारू शकत नाही. ही २५ टक्के सूट म्हणजे सरकारी मदत नव्हे, व्हिसाला तिचा धोका नाही. कौन्सिल टॅक्स रिडक्शन, म्हणजे कमी उत्पन्नामुळे मिळणारी करकपात, मात्र पब्लिक फंड्समध्ये, म्हणजे बहुतेक व्हिसांवर घेता न येणाऱ्या सरकारी मदतीत, मोडतं. नावं सारखी वाटतात म्हणून घाबरून पोरं सूटही मागत नाहीत. या एका खुलाशाबद्दल तुमचे वेगळे आभार.

आता पाकिटं. आठवणपत्र, फायनल नोटीस, मॅजिस्ट्रेट कोर्टाचं समन्स, हे सगळं शेवटच्या ठाऊक पत्त्यावर पोस्टाने टाकलं की बजावलं गेलं असं धरतात. समन्स आणि सुनावणी यांत किमान १४ दिवस लागतात, तेवढ्यात पाकीट जुन्या घराच्या दारामागे पिझ्झाच्या पत्रकांखाली पडून असतं. कोर्टात यादीतली नावं घाऊक निघतात आणि लायबिलिटी ऑर्डर, म्हणजे कौन्सिलला सक्तीने वसुली करू देणारा आदेश, होते, वर खर्चही चढतो. ही ऑर्डर म्हणजे काउंटी कोर्टाचा निकाल नाही आणि ती क्रेडिट फाइलवर येत नाही, हे तुम्ही आवर्जून सांगता. तुरुंगाची भीती घेऊन येणाऱ्यालाही नीट उत्तर मिळतं. इंग्लंडमध्ये ती तरतूद आहे, पण त्यासाठी ऐपतीची वेगळी सुनावणी लागते आणि मुद्दाम किंवा अक्षम्य हलगर्जीने पैसे टाळलेत असं ठरावं लागतं. वेल्समध्ये २०१९ साली ती रद्दच झाली.

‘मी तिथे राहतच नव्हतो’ हे भांडण मॅजिस्ट्रेटपुढे चालत नाही, ही गोष्ट आम्हाला तुमच्याआधी कुणी सांगितली नव्हती. त्याची जागा व्हॅल्युएशन ट्रायब्युनल, म्हणजे या कराचे वाद ऐकणारं स्वतंत्र न्यायाधिकरण. आधी कौन्सिलला लेखी कळवायचं. कौन्सिलला दोन महिने मिळतात. उत्तर आलं नाही तर पहिल्या पत्रापासून चार महिन्यांच्या आत ट्रायब्युनलकडे अपील, फी नाही. पत्र कसं असावं, तर तुमच्या नमुन्यासारखं, चार ओळींचं. खाते क्रमांक, शेवटची रात्र, त्या तारखेपर्यंतचं सुधारित बिल द्या, तोवर बेलीफकडून प्रकरण परत घ्या. सोबत नव्या कराराचं पहिलं पान, डिपॉझिट परत आल्याची मेल, नवा पत्ता असलेलं बँकेचं स्टेटमेंट. फोन करू नका, केलात तर त्याच दिवशी मेलवर लिहून पाठवा.

ऑर्डर चुकीची असेल तर कौन्सिल स्वतः ती रद्द करायला कोर्टाकडे अर्ज करू शकतं. ते तयार नसेल तर आपण अर्ज करायचा, आणि तिथे तीन गोष्टी दिसाव्या लागतात: जबाबदारीबद्दल खरा वाद आहे, ऑर्डर होताना कामकाजात मोठी चूक किंवा घोटाळा झाला, आणि कळल्याबरोबर आपण हललो. तिसऱ्या गोष्टीत पोरं मार खातात. पाकीट सापडल्यावर दीड महिना उशाशी ठेवून झोपतात.

बेलीफ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर कोर्टाचा माणूस येतो. कौन्सिल टॅक्ससाठी येणारा बहुतेक वेळा खासगी कंपनीचा असतो, कायद्यात त्याला एन्फोर्समेंट एजंट म्हणतात. प्रकरण त्याच्याकडे गेलं की २०१४ साली ठरलेल्या दरांप्रमाणे ७५ पौंड चढतात. मग नोटीस ऑफ एन्फोर्समेंट, म्हणजे जप्तीची पूर्वसूचना, येते. तिच्यानंतर पूर्ण ७ दिवस द्यावे लागतात, त्यांत रविवार आणि बँक हॉलिडे धरत नाहीत. याच दिवसांत सगळं करायचं असतं, कारण तो दारापर्यंत आला की २३५ पौंड, आणि रक्कम १,५००च्या वर असेल तर वरच्या भागावर साडेसात टक्के. १,८२५वर ते २४ पौंड ३८ पेन्स होतात. म्हणजे ७५ धरून ३३४ पौंडांची भर, आणि मूळ करातला एक पेनीही कमी झालेला नसतो.

दारावरचं वागणं तुम्ही आमच्याकडून करून घेतलं होतंत, ते अजून हसू आणतं, पण उपयोगी पडतं. सकाळी ६ ते रात्री ९ याच वेळात तो येऊ शकतो. कौन्सिल टॅक्ससाठी पहिल्या खेपेला दार तोडता येत नाही, ढकलून किंवा दारात पाय अडकवून घुसता येत नाही. पण नुसतं लोटलेलं दार उघडून शांतपणे आत आला तर ते कायदेशीर. म्हणून कडी लावून पत्रपेटीतून किंवा वरच्या खिडकीतून बोलायचं आणि नाव विचारून सरकारच्या ऑनलाइन यादीत त्याचं सर्टिफिकेट बघायचं. आत येऊ देऊन कंट्रोल्ड गुड्स ॲग्रीमेंटवर (सामान जप्तीत धरलं, पण हप्ते भरेपर्यंत घरातच ठेवलं, असा करार) सही केली आणि हप्ता चुकला, तर पुढच्या खेपेला नोटीस देऊन तो बळाने आत येऊ शकतो. सही चहा-पाण्याच्या ओघात होते, हे तुमचं निरीक्षण. गाडी रस्त्यावर उभी असेल तर घरात न येताही तिच्या चाकाला क्लॅम्प, म्हणजे कुलूप, लागतो.

मागे राहिलेल्या रूममेट्सचं काय? गेलेल्याच्या नावाने बेलीफ आला तर त्यांनी दार उघडायची गरज नाही. तो माणूस इथे राहत नाही, हा आमचा आताचा करार, एवढंच काचेतून दाखवायचं. दुसऱ्याच्या मालकीची वस्तू त्याला नेता येत नाही. कर्जदाराच्या सामानातूनही कपडे, अंथरूण, स्वयंपाकाची शेगडी किंवा मायक्रोवेव्ह, फ्रिज, वॉशिंग मशीन, मोबाइल आणि १,३५० पौंडांपर्यंतची कामाची साधनं वगळलेली आहेत.

पैसे खरंच देणं असेल तेव्हा तुम्ही कौन्सिलची बाजू घेता, आणि आम्हाला ते आवडतं. ऑर्डर झाली पण प्रकरण अजून कौन्सिलकडेच आहे, तर पगारातून कापायला सांगा, बेलीफची फी लागतच नाही. डोकं वर काढायला वेळ हवा असेल तर २०२१ पासूनची ब्रीदिंग स्पेस आहे. ६० दिवस वसुली थांबते, पण अर्ज कर्जसल्लागारामार्फतच करावा लागतो आणि ती बारा महिन्यांत एकदाच मिळते. आजारपण, बाळंतपण, नैराश्य असं काही असेल तर पहिल्याच पत्रात लिहा. असुरक्षित माणसाला सल्ला घ्यायची संधी न देताच सामान उचललं, तर ती २३५ची फी वसूल करता येत नाही. आणि एजंट कसाही वागला तरी तक्रार कौन्सिलकडे करायची, कारण काम त्यांनी दिलंय. तिथे दाद लागली नाही तर ओम्बड्समनकडे, म्हणजे कौन्सिलविरुद्धच्या तक्रारी बघणाऱ्या स्वतंत्र अधिकाऱ्याकडे.

एवढं सगळं तुम्ही पाच शनिवारांत दिलंत, बसभाडंही घेतलं नाहीत. पाकीट टेबलावर आलं की आम्ही आता आधी त्यावरचा पत्ता वाचतो, मग शिक्क्याची तारीख, आणि मगच फोडतो. ही सवय तुमची.

आपले,
शनिवारच्या टेबलावरचे सगळे

ता. क. तुम्ही मागितलेली १९९२च्या नियमांची मोठ्या अक्षरांतली प्रत छापून ठेवली आहे. नियम ३४ ते ३६अ यांवर पिवळ्या चिठ्ठ्या लावल्यात. पेन्सिली मात्र येताना आणा, इथल्या सगळ्या संपल्या.