त्या ट्यूबविषयी

अंबाजोगाई

चि. माधव यास अनेक आशीर्वाद.

जांघेत उठलेल्या गोल चट्ट्याला खोलीतल्या मित्राची ट्यूब लावली आणि तीन दिवसांत खाज बसली, असे तू काल आईला फोनवर सांगितलेस. ती इतक्या लवकर बसली याचीच मला काळजी वाटते, म्हणून हे पत्र.

पाच वर्षांपूर्वी ऐन मे महिन्यात माझ्या कमरेला, करदोड्याच्या खाली, असाच नायटा उठला होता. मेडिकलमधून डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळालेली ट्यूब मी लावली. आठवड्यात लाली गेली, ट्यूब संपली, आणि पुढच्या पंधरा दिवसांत तो चट्टा पाठीपर्यंत पसरला. मी पुन्हा तीच ट्यूब आणली. असे चार महिने चालले. अशा मिश्र ट्यूबमध्ये बुरशीच्या औषधासोबत बहुधा तीव्र स्टिरॉइड असते. स्टिरॉइडमुळे त्वचेची प्रतिकारशक्ती दबते, त्यामुळे लाली आणि खाज कमी होते. बुरशी मात्र आत वाढतच राहते, चट्ट्याची उठावदार कडा पुसट होते आणि नायटा नायट्यासारखा दिसेनासा होतो. शेवटी डॉक्टरांना कडेची कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावी लागली. बुरशी औषधाने गेली, पण कमरेवर पडलेले पांढुरके वळ आजही तसेच आहेत. तू कधी त्यांवर बोट फिरवून हे कशाचे म्हणून विचारले असतेस, तर मला खरे सांगण्याची लाज वाटली असती.

तेव्हा ती ट्यूब आजच बंद कर. बंद केल्यावर खाज काही दिवस उसळेल, त्याला घाबरून पुन्हा लावू नकोस. घाटीच्या सरकारी रुग्णालयात त्वचारोग विभागात जाऊन दाखव आणि ते देतील ते औषध, चट्टा दिसेनासा झाला तरी, सांगितलेल्या मुदतीपर्यंत घे. तोवर टॉवेल वेगळा ठेव आणि आतले कपडे उलटे करून कडक उन्हात वाळव. आपल्याकडे पाणी नसले तरी ऊन पुष्कळ आहे.

साध्या घामोळ्यासाठी कोणी डॉक्टरकडे धावत नाही. परंतु रात्री खाज वाढत असेल, बोटांच्या बेचक्यांत पुरळ असेल आणि खोलीतली इतर मुलेही खाजवत असतील, तर ती खरूज समजावी आणि सर्वांनी एकाच वेळी उपचार घ्यावेत, कारण खाज सुटण्याआधीच काही आठवडे ती दुसऱ्याला लागते. अंगावर फिकट किंवा तांबूस चट्टा असून तिथे स्पर्श कळत नसेल, तर एक दिवसही थांबू नये. कुष्ठरोगाचे औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळते आणि वेळेवर घेतल्यास नसा वाचतात. चेहऱ्यावरच्या मुरुमांनी खड्डे पडू लागले असतील, तर तेही लवकर दाखवावे. नवे औषध घेतल्यावर अंगावर फोड आले, तोंड सोलले किंवा ओठ सुजून श्वास लागला, तर मात्र त्वचारोग विभागाच्या वेळेची वाट न पाहता थेट अपघात विभागात जावे.

जाताना त्या ट्यूबचे खोके सोबत ने. मी माझे फेकून दिले होते, आणि चार महिने अंगाला काय लावले हे मला डॉक्टरांना सांगता आले नव्हते.

तुझे,
अण्णा