गोल नाही झाला रे, मर्दा

८ जून २०२४
गीतांजली एक्स्प्रेस, अकोल्याच्या आसपास

प्रिय बाळ्या,

अक्षर वाकडं आलं तर गाडीला बोल लाव. काल दुपारी हावड्याहून बसलोय. पोस्टात टाकलं तर हे पत्र दोह्याला पोचेपर्यंत मंगळवारची कतारविरुद्धची मॅच उलटून जाईल, म्हणून कल्याणला उतरलो की फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतो. गुरुवारी रात्री तू दोनदा फोन केलास, मी उचलला नाही. घसा बसला होता, आणि खरं सांगायचं तर डोकंही फिरलं होतं.

सुनील छेत्रीची भारताकडून शेवटची मॅच, कुवेतविरुद्ध, आणि ०-०. तुला कळलंच असेल. पण मैदानात काय झालं ते टीव्हीवर दिसलं नसणार.

सॉल्ट लेक स्टेडियमला चार वाजताच पोचलो. जूनमधली कोलकात्याची हवा म्हणजे ओला टॉवेल तोंडावर टाकून बसल्यागत. जिकडं बघावं तिकडं निळा शर्ट आणि पाठीवर छेत्रीचा ११. आकडा नंतर कळला, ५८,९२१ माणसं. आपलं शाहू स्टेडियम तुडुंब भरतं तेव्हा आपल्याला वाटतं, जग भरलं. इथं समोरच्या बाजूची माणसं ठिपक्यांएवढी दिसत होती. मधे धावपट्टी असल्यानं खेळाडूही लांब पडतात. पेठेच्या मॅचला कसं, विंगरचा श्वास ऐकू येतो, आणि शिव्या त्याला!

शेजारी सत्तरीचे एक आजोबा होते. झालमुरीचा पुडा मांडीवर, पण खाईनात. २००२ साली छेत्री मोहन बागान क्लबमध्ये आला तेव्हापासून त्याला बघतोय म्हणाले. मला म्हणाले, ‘बम्बई से आया?’ मी म्हटलं, कोल्हापूर. त्यांना कोल्हापूर माहीत नव्हतं. मग मी पाटाकडील, दिलबहार, खंडोबा असं पेठापेठांचं सगळं पुराण सांगितलं. एका गावात तालमींचे एवढे संघ आहेत हे ऐकून मात्र त्यांनी पुडा पुढं केला.

आणि मॅच सुरू झाली, तशी मला एक गोष्ट खुपायला लागली. कुणालाही चेंडू मिळाला की तो आधी छेत्री कुठं आहे ते बघायचा. लिस्टन असो, छांगटे असो. फटक्याला जागा असली तरी अर्धा सेकंद थांबायचं, साहेबांना शोधायचं. तेवढ्यात कुवेतचे दोघं अंगावर. शेवटची मॅच, शेवटचा गोल त्याच्याच पायातून यावा, हे सगळ्यांच्या मनात. माझ्याही होतं की! पण त्या नादात मॅच जिंकायची आहे हे कुणी लक्षातच घेईना. निरोप समारंभ नव्वद मिनिटं लवकर सुरू झाला असं म्हण.

उत्तरार्धाच्या सुरुवातीलाच बदली आलेला रहीम अली एकटा सुटला. समोर फक्त कीपर. अख्खं स्टेडियम उभं राहिलं, आजोबांची झालमुरी माझ्या बुटांवर. कीपरनं अडवला. कुणी ओरडलं नाही बघ. साठ हजार माणसं एकदम खाली बसल्यावर जो आवाज होतो, तो मी पहिल्यांदा ऐकला.

रहीमला मी दोष देत नाही. आपल्या देशातल्या लीगमध्ये नऊ नंबरला, म्हणजे गोल मारायच्या जागेवर, बहुतेक क्लब परदेशी माणूस आणतात. आपल्या पोरांना विंगला ढकलतात नाहीतर बाकावर बसवतात. मग देशासाठी गोलसमोर उभं राहायचं म्हटलं की एकच नाव, छेत्री. २००५ मध्ये क्वेट्टाला पाकिस्तानविरुद्ध पहिल्याच मॅचला गोल केला ना त्यानं? तेव्हा आपण दहावीत, तुला गणितात छत्तीस. तेव्हापासून १५१ मॅच, ९४ गोल. खेळत असलेल्यांत रोनाल्डो आणि मेस्सी तेवढे पुढं. अन् एकोणीस वर्षांत आपण दुसरा तयार केला नाही. मार्चमध्ये गुवाहाटीला अफगाणिस्तानकडून २-१ नं हरलो, त्यातला आपला एक गोलही त्याच्याच पेनल्टीचा.

शिट्टी झाली आणि छेत्री मैदानाला फेरी मारायला निघाला. आमच्या बाजूला आला तेव्हा हात जोडलेले, चेहरा पुसतोय, पुन्हा हात जोडतोय. आपल्याच पोरांनी केलेल्या रांगेतून जाताना तर त्याला रडू आवरेना. आजोबा टाळ्या वाजवत नव्हते. नुसते उभे होते, चप्पल काढून. मी मात्र मनात गुणांची बेरीज करत होतो, एवढा कसा रे मी कोरडा!

बेरीज अशी. कतार १३ गुणांवर, पार झालेलं. आपले ५, अफगाणिस्तानचेही ५, कुवेतचे ४. गोलफरकानं आपण दुसरे. नोव्हेंबरात कुवेतमध्ये मनवीरच्या गोलवर जिंकलो त्याचीच पुण्याई, बाकी भुवनेश्वरला कतारनं तीन घातलेच. गटातले दोन संघ वर्ल्डकप पात्रतेच्या तिसऱ्या फेरीत जाणार. भारत तिथं कधीच पोचलेला नाही. आशिया कपची जागाही त्यातच मिळते. मंगळवारी कतारला हरवलं की जवळजवळ काम फत्ते. बरोबरी केली तर मग कुवेत-अफगाणिस्तानच्या निकालाकडं डोळे लावायचे.

म्हणून हे पत्र. तू जातोयस. कामाचं काही सांगू नकोस, शिफ्ट बदलून घे. जासिम बिन हमद स्टेडियम, तुमच्या घड्याळात पावणेसात. कतारनं पोरासोरांचा संघ उतरवायचं ठरवलंय, म्हणजे अशी संधी पुन्हा नाही. छेत्री नसणार, त्यामुळं कुणाकडं बघायचं हा प्रश्नच मिटला. मला तर वाटतंय, आता ही पोरं बिनधास्त मारतील. छांगटेवर नजर ठेव. आणि पुण्याचा जय गुप्ता गुरुवारी पहिल्यांदाच खेळला, भिडस्त वाटला नाही, त्याला आपल्या भाषेत एक हाळी दे.

पंचाशी हुज्जत घालायची नाही. या फेरीत व्हीएआर, म्हणजे व्हिडिओ बघून पंचाचा निर्णय तपासायची सोय, नाही. आपल्या पेठेच्या मॅचसारखंच आहे, पंच बोलला ते खरं. तुझा स्वभाव मला ठाऊक आहे म्हणून लिहिलं.

गोल झाला की लगेच फोन कर, कितीही आरडाओरडा असू दे.

तुझाच,
पप्या

ता. क. काकूंनी तुझ्यासाठी कांदा-लसूण चटणी करून ठेवलीय, दोन किलो. पुढच्या महिन्यात कुणी तिकडं येणार असेल तर कळव.